शंकेचा फायदा जवानाला

अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्यांना जखमेच्या मानाने दोनशे, शंभर, पन्नास आणि पंचवीस होन दिले, अशी नोंद कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. जे कामी आले त्यांच्या बायकामुलांच्या निर्वाहाची सोय लावली, हेही सभासद सांगतो. ही बखर मी वाचली ती फौजेतून पेन्शनीवर आल्यानंतर. सगळी नोकरी कारकुनीत गेलेली, त्यामुळे लढाईच्या वर्णनाआधी नजर त्या चार आकड्यांवर थांबली. चार दर आहेत आणि दर ठरतो तो जखम पाहून. आज मेडिकल बोर्ड वीस टक्के, चाळीस टक्के, ऐंशी टक्के अशी अपंगत्वाची टक्केवारी काढतं. तीनशे साठ वर्षांपूर्वीचा हिशेब याच जातीचा होता.

तलवारीची जखम डोळ्यांना दिसते, म्हणून तो हिशेब सोपा होता. आता माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या जवानांपैकी बहुतेकांच्या अंगावर जखमेचा व्रण नसतो. कुणाला फिट्स येतात, कुणाचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं, कुणाचा कान तोफेच्या आवाजाने गेलेला असतो, कुणाचं मन थाऱ्यावर नसतं. फौजेने त्याला ‘बोर्ड आऊट’ केलेलं असतं, म्हणजे आजारामुळे नोकरीला नालायक ठरवून घरी पाठवलेलं असतं, आणि त्याच वेळी त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं की या आजाराचा नोकरीशी संबंध नाही. तिथून अपिलाचा रस्ता सुरू होतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो. आता सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांचे अर्ज आणि अपिलं लिहून देतो. या कामात पडल्यावर जुने नियम, जुने निकाल वाचायची सवय लागली आणि हळूहळू एक गोष्ट स्पष्ट झाली. नियम जवानाच्या बाजूने आहे. तो आज झालेला नाही, पिढ्यान् पिढ्या तसाच आहे. आपला आजार नोकरीमुळेच झाला हे जवानाने सिद्ध करायचं नाही, शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, असं तो नियम सांगतो. अपंगत्व पेन्शनीच्या अपिलांचा इतिहास म्हणजे हा एवढा नियम संबंधितांना वाचायला लावण्याचा इतिहास आहे.

दापोलीचे पेन्शनर

कंपनी सरकारच्या काळात जायबंदी किंवा म्हाताऱ्या शिपायाला काय मिळायचं, याची खूण आपल्या कोकणातच आहे. पेशवाई बुडाली त्या 1818 साली इंग्रजांनी दापोलीला लष्करी ठाणं वसवलं. कॅम्प दापोली हे नाव तेव्हापासूनचं. पुढे 1840 च्या सुमाराला नेहमीची पलटण तिथून हलली आणि उरली ती ‘व्हेटरन बटालियन’, म्हणजे लढाईच्या कामाला न येणाऱ्या पण हलकी कामं करू शकणाऱ्या शिपायांची तुकडी. 1857 मध्ये तीही मोडली. ठाणं गेलं, तरी पेन्शनर राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या फौजेत गेलेली महार आणि मराठा माणसं निवृत्त होऊन दापोलीच्या आसपास स्थिरावली. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, फौज सोडल्यावर काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्याला आले.

सरकारकडे अर्ज करण्याची रीत या पेन्शनरांनी आपल्याकडे रुजवली. फौजेत शिकलेली अक्षरं, फौजेत पाहिलेला सरकारी कागद आणि पेन्शनीमुळे आलेला थोडा स्वतंत्रपणा, एवढ्या भांडवलावर ही माणसं लिहू लागली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाल्यावर दापोलीत राहून काम करू लागले. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा, 1894 च्या सुमाराला, ती पुन्हा सुरू करावी म्हणून त्यांनी विनंतीपत्र तयार केलं. त्या अर्जाचा विषय अपंगत्व हा नव्हता, पण सरकारच्या निर्णयाला कागदाने उत्तर देणारा माजी सैनिक आपल्याकडे पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो तिथे.

त्या काळातली पेन्शन मात्र सरकारच्या मर्जीची होती. अर्जाचा मायना विनंतीचा, आणि उत्तर ‘नाही’ असं आलं की पुढे दार नव्हतं.

कूतचा वेढा आणि न दिसणारी जखम

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न मोठा केला. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत ही फौज कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. गोळ्यांनी माणसं मेली तशी उपासमारीने, स्कर्व्हीने आणि हगवणीनेही मेली. शरणागतीनंतर वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांचे जे हाल झाले ते वेगळेच. त्या मोहिमेतल्या औषधोपचाराची दुर्दशा इतकी होती की ब्रिटिश सरकारला मेसोपोटेमिया कमिशन नेमावं लागलं आणि 1917 च्या त्याच्या अहवालाने भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडायला लावलं.

त्याच 1917 साली मुंबईत अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीने त्यासाठी पुढाकार घेतला होता. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला पोट भरण्यापुरता धंदा शिकवायचा, हा हेतू. ही संस्था पुढे खडकीला आली आणि आजही तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. 1974 साली खडकीलाच पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघालं. अपंग सैनिकाच्या शुश्रूषेत पुण्याने मोठं काम केलं आहे, त्याचा मला अभिमान वाटतो.

पण या सगळ्या संस्था दिसणाऱ्या जखमेच्या. कूतहून मलेरिया घेऊन गावी आलेल्या, किंवा रात्री दचकून उठणाऱ्या माणसाला आपला रोग लढाईचाच आहे हे कोण पटवून देणार? 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेल्या आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलेल्या आपल्या मुरलीकांत पेटकरांची जखम युद्धात झाली, याबद्दल कुणी वाद घालू शकत नव्हतं. वाद होतो तो रोगाचा.

1943: ओझं कुणाच्या डोक्यावर?

हा वाद आधी इंग्लंडमध्ये पेटला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिथल्या सैनिकालाही आपला रोग नोकरीमुळे झाल्याचा पुरावा द्यावा लागे. भरतीच्या वेळी डॉक्टरने ठणठणीत म्हणून पास केलेला माणूस दोन वर्षांनी क्षयी होऊन घरी येई आणि सरकार सांगे, हा रोग तुझा तूच आणलास. माजी सैनिकांनी आणि पार्लमेंटच्या सभासदांनी घोषणा दिली की जो नोकरीला लायक होता तो पेन्शनलाही लायक आहे. त्या रेट्यापुढे सरकार नमलं. डिसेंबर 1943 च्या शाही सनदेने सिद्ध करण्याचं ओझं सैनिकाच्या डोक्यावरून काढलं आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला द्यायचा असं ठरलं. निर्णय मान्य नसेल तर स्वतंत्र पेन्शन अपील ट्रायब्यूनलकडे जाण्याची सोयही त्याच वर्षी कायद्याने केली.

त्या अपिलांतलं एक प्रकरण आपल्या कोर्टांतही रोज घोकलं जातं, पण त्याचं मूळ फार थोड्यांना ठाऊक असतं. खुनाच्या खटल्यात ‘वाजवी शंका’ म्हणजे काय हे सांगताना आपली न्यायालयं 1947 च्या ‘मिलर’ निकालाचा आधार घेतात. पुरावा म्हणजे शंकेची सावलीसुद्धा नसणं असा अर्थ घ्यायचा नाही, असं न्यायमूर्ती डेनिंग त्यात सांगतात. हा निकाल खुनाचा नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगाने वारलेल्या एका सैनिकाच्या विधवेने केलेलं ते पेन्शनचं अपील होतं. म्हणजे फौजदारी वकिलांचं सगळ्यात लाडकं वाक्य एका सैनिकाच्या पेन्शनीच्या फायलीतून आलेलं आहे. तेच तत्त्व खुद्द सैनिकाच्या फायलीवर लावायचं म्हटलं की टेबलावरची माणसं गप्प होतात. ते मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आपला नियम

स्वतंत्र भारताच्या फौजेसाठी 1961 चे पेन्शन नियम आले. त्यातल्या 173 व्या कलमाचा मतलब असा: जवानाला ज्या अपंगत्वामुळे फौजेतून काढलं ते नोकरीमुळे आलं असेल किंवा नोकरीमुळे बळावलं असेल, आणि ते 20 टक्के किंवा जास्त असेल, तर अपंगत्व पेन्शन मिळेल. नोकरीमुळे आलं की नाही हे कसं ठरवायचं, ते 1982 च्या पात्रता नियमांत दिलं. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्यातले तीन नियम मराठीत समजावून सांगतो.

पाचवा नियम: भरतीच्या वेळी जो रोग नोंदला नाही तो तेव्हा नव्हता असं धरायचं, आणि पुढे वैद्यकीय कारणाने काढलं तर तब्येतीतला बिघाड नोकरीमुळे झाला असं मानायचं.

नववा नियम: पात्रता सिद्ध करा असं दावेदाराला सांगायचं नाही. वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि त्याने सीमेवर किंवा समुद्रावर नोकरी केलेली असेल तर अधिक उदार हाताने द्यायचा.

चौदावा नियम: हा रोग भरतीच्या तपासणीत सापडणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्यांनी त्याची कारणं लिहायची.

सगळी गोम ‘कारणं लिहायची’ या दोन शब्दांत आहे.

बोर्डाचा फॉर्म डोळ्यांपुढे आणा. त्यात आजाराचं नाव असतं, तो पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला याची तारीख आणि ठिकाण असतं. पुढे एक तक्ता येतो. आजार नोकरीमुळे झाला का? नोकरीमुळे बळावला का? आणि शेवटचा रकाना कारणांचा. पहिल्या दोन रकान्यांत ‘नो’, ‘नो’ असं टाइप केलेलं असतं. कारणांच्या रकान्यात बहुतेक वेळा एक ओळ असते, तीही ठरलेली: ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर, नॉट रिलेटेड टू सर्व्हिस’. म्हणजे रोग तुझ्या प्रकृतीचा. हे कारण नव्हे, हा निष्कर्षच आहे. ज्याची सुरुवात हाच फॉर्म लेह किंवा तवांगला दाखवतो, तो रोग फौजेत येण्याआधी त्या प्रकृतीत कुठे होता आणि भरतीच्या डॉक्टरांना तो का दिसला नाही, यावर एक अक्षर नसतं.

त्याच्याही पुढची पायरी अलाहाबादच्या पेन्शन हिशेब कार्यालयाची. पूर्वी बोर्डाने जवानाच्या बाजूने लिहिलं तरी अलाहाबादला बसलेला वैद्यकीय सल्लागार, ज्याने जवानाची नाडीही पाहिलेली नसे, नुसत्या कागदावरून ते मत फिरवू शके. 14 जानेवारी 1993 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात ही पद्धत मोडून काढली. ज्या डॉक्टरांनी माणूस तपासला त्यांचं मत हिशेब खात्याने परस्पर बदलायचं नाही, शंका असेल तर वरचं बोर्ड बसवून पुन्हा तपासा, असं कोर्टाने बजावलं.

तरीही त्या काळात कोर्टाचा कल सरळ एका बाजूला नव्हता. 1996 च्या बलजित सिंग प्रकरणापासून 2009 च्या दामोदरन प्रकरणापर्यंत अनेक निकालांत बोर्डाच्या मताला मान देऊन जवानांचे दावे फेटाळले गेले. सरकारी वकील ते निकाल पुढे करायचे आणि पाचवा, नववा, चौदावा नियम मागे पडायचा.

धरमवीर सिंग

चित्र पालटलं 2 जुलै 2013 ला. धरमवीर सिंग 1985 च्या जूनमध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. नऊ वर्षांच्या आसपास नोकरी झाल्यावर फिट्सच्या आजारामुळे 1994 साली त्यांना बोर्ड आऊट केलं. अपंगत्व 20 टक्के, शेरा नेहमीचाच: सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1982 चे नियम एकेक करून वाचले. भरतीच्या वेळी या रोगाची नोंद होती का? नाही. बोर्डाने कारणं लिहिली का? नाही. मग नियमाप्रमाणे रोग नोकरीतला धरला पाहिजे आणि पेन्शन दिली पाहिजे.

कोर्टाने इथे नवा कायदा केला नाही, दयाही दाखवली नाही. जे छापलेलं होतं ते वाचलं, इतकंच. त्या निकालाचं मोठेपण मला यातच वाटतं. 2014 मध्ये सुखविंदर सिंग आणि 2015 मध्ये राजबीर सिंग यांच्या प्रकरणांत हीच वाट पक्की झाली. आजारामुळे फौजेतून काढून टाकलं असेल तर अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली नाही असंच मानलं पाहिजे, असं सुखविंदर सिंग निकालाने सांगितलं. एकीकडे नोकरीला नालायक आणि दुसरीकडे अपंगत्व पंधरा टक्के, अशा विसंगतीत कितीतरी पोरं अडकली होती.

पैशाचा हिशेबही सांगतो, कारण लढाई कशासाठी आहे ते कळलं पाहिजे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अपंगत्वाचा भाग मिळतो. वीस टक्क्यांना त्या मानाने 6 टक्के. पाचव्या वेतन आयोगानंतर, 31 जानेवारी 2001 च्या आदेशाने, अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सोय झाली: पन्नासच्या खालचे सगळे पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर, त्यावरचे शंभर. म्हणजे वीस टक्केवाल्याला 6 च्या जागी 15 टक्के. पण सरकारने ही सवलत बोर्ड आऊट झालेल्यांपुरतीच ठेवली. मुदत पुरी करून, पण अपंगत्व घेऊन निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, हे ठरायला 10 डिसेंबर 2014 चा राम अवतार निकाल यावा लागला. तेरा वर्षं गेली. तोवर कितीतरी म्हातारे पहिल्या दरावरच देवाघरी गेले.

रस्ता कसा आहे

पेन्शन नामंजूर झाल्याचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा जवानाला ते बेळगावहून येतं, महार रेजिमेंटवाल्याला मध्य प्रदेशातल्या सागरहून. पहिलं अपील सहा महिन्यांत सेना मुख्यालयाच्या समितीकडे करायचं. ते फेटाळलं तर दुसरं अपील त्याच्या वरच्या समितीकडे. तेही फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झालं आणि ऑगस्ट 2009 मध्ये त्याचं काम सुरू झालं. खंडपीठावर एक न्यायिक सदस्य असतो आणि एक फौजेतला ज्येष्ठ निवृत्त अधिकारी. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. त्याआधी जवानाला थेट उच्च न्यायालयात जावं लागे, आणि उच्च न्यायालयाचं नाव काढलं की गावाकडचा माणूस हात जोडून घरी बसायचा.

पाटण तालुक्यातल्या एका जवानाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. उंच पहाडावर पोस्टिंग असताना त्याला पहिल्यांदा फिट आली. हवालदाराने त्याला बंकरमधून पाठीवर घेऊन एमआय रूमपर्यंत, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यापर्यंत, आणलं होतं. पुढे लो मेडिकल कॅटेगरी, मग बोर्ड, मग घर. दहा वर्षं पुरी झालेली नव्हती, त्यामुळे साधी पेन्शनही नाही. ग्रॅच्युइटीची थोडी रक्कम हातावर ठेवून त्याला परत पाठवलं. माझ्याकडे आला तेव्हा काळी ट्रंक घेऊन आला. ट्रंकेत तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर डिस्चार्ज बुक, रंगरूट असतानाचा फोटो आणि पिवळं पडलेलं नामंजुरीचं पत्र. पत्र इंग्रजीत. दोन परिच्छेदांचं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करता येईल. ती ओळ त्याला कुणीही वाचून दाखवली नव्हती. ज्या कार्यालयात तो विचारायला गेला होता तिथे त्याला ‘तुमचं रिजेक्ट झालंय’ एवढंच सांगून परत पाठवलं होतं. मधल्या काळात त्याच्या बायकोने लोकांच्या शेतात भांगलणीला जाऊन दोन पोरं वाढवली.

आम्ही बोर्डाच्या कागदांची प्रत मागवली. फॉर्मवर आजार सुरू झाल्याचं ठिकाण उंच पहाडावरचं, भरतीच्या तपासणीत काही नोंद नाही, कारणांच्या रकान्यात तीच ठरलेली ओळ. अपिलात मी फार काही लिहिलं नाही. तीन नियम लिहिले, फॉर्ममधल्या तीन नोंदी लिहिल्या, आणि धरमवीर सिंग निकाल जोडला. वरच्या समितीने तरीही नाही म्हटलं. न्यायाधिकरणाने होय म्हटलं.

पेन्शन लागू झाली, पण थकबाकी मिळाली ती फक्त तीन वर्षांची. त्याचंही कारण एक निकालच आहे. 2008 साली तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन न देणं हा चालू राहणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलेल्यालाही दार उघडं आहे, पण मागची बाकी साधारण दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच. तरसेम सिंग 1983 ला बोर्ड आऊट झाले होते आणि कोर्टात गेले 1999 ला. उघडं दार ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या माणसाला अपिलाची ओळ कुणी वाचून दाखवली नाही त्याने मधली वर्षं गमावली, आणि त्या वर्षांत त्याच्या घराने काय सोसलं ते कोणत्याही हुकमात लिहिलेलं नाही.

पर्रीकरांची समिती आणि नंतर

जवानांनी बाजू जिंकल्यावरही सरकार त्यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिलं करत राहिलं. तेव्हा गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते. त्यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली आणि संरक्षण खात्याची खटलेबाजी कशी कमी होईल ते विचारलं. समितीत निवृत्त सेनाधिकारी होते आणि कारगिल युद्धात पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंगही होते. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. अपंगत्व पेन्शनीत जवानांविरुद्ध अपिलं थांबवा, फौजेतल्या ताणाचा शरीरावर होणारा परिणाम मान्य करा, असा त्याचा रोख होता. एका मंत्र्याने आपल्याच खात्याला हा आरसा दाखवला, म्हणून पर्रीकरांचं नाव माझ्यासारखे लोक आजही आदराने घेतात.

याच्या उलट वाराही वाहत होता. 2008 च्या पात्रता नियमांत एक कलम आलं: दावा फौज सोडल्यावर पंधरा वर्षांनंतर केला आणि तोवर ठरलेल्या मुदतीनंतर जवानाचे कागद नष्ट केले गेले असतील, तर सिद्ध करण्याचं ओझं जवानावर. कागद ठेवणार सरकार, नष्ट करणार सरकार आणि पुरावा द्यायचा जवानाने. 21 सप्टेंबर 2023 ला पुन्हा नवे नियम आले. अपंगत्वाच्या भागाचं नाव काही बाबतींत बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झालं आणि जीवनशैलीचे म्हणून ओळखले जाणारे आजार मान्य करण्याचे निकष कडक झाले.

सरकारची बाजू मी ऐकून घेतो. त्या वर्षी महालेखापालांच्या अहवालाने दाखवलं की अपंगत्वाचा भाग घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त आहे. कुणी गैरफायदा घेत असेल तर चौकशी जरूर करा. पण ते आकडेच सांगतात की पेन्शन मिळवण्याचं ज्ञान वरच्या हुद्द्यांवर जास्त आहे. नियम कडक केले की ज्याला फॉर्म कळतो तो वाट काढतो आणि ज्याला कळत नाही तो अडकतो. कडकपणाचा भार शेवटी शिपाई आणि नाईक या हुद्द्यांवर येतो.

कोर्टं अजून जागच्या जागी आहेत. 2023 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क कायम असल्याचं सांगितलं. 2025 मध्येही बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत हे पुन्हा ठासून सांगणारे निकाल आले. 1943 साली लंडनमध्ये जे ठरलं, 1982 साली दिल्लीत जे छापलं, ते 2025 मध्ये पुन्हा सांगावं लागतं याचा मला राग येतो. तरी सांगणारं कुणी आहे याचं समाधानही वाटतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, एक जवानांकडे आणि एक सरकारकडे. जवानांनो, बोर्डाच्या कागदांची प्रत नोकरीत असतानाच मागा आणि जपून ठेवा. नामंजुरीचं पत्र आलं की सहा महिने मोजायला लागा, आणि आधी कारणांचा रकाना वाचा. तो रिकामा असेल किंवा त्यात नुसता शेरा असेल तर तुमचं अपील अर्धं तिथेच लिहून झालेलं आहे. आणि सरकारने एवढं करावं: नामंजुरीचं पत्र जवानाच्या मातृभाषेत द्यावं, त्यात बोर्डाने दिलेलं खरं कारण लिहावं, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते पहिल्याच परिच्छेदात सांगावं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसाने ते समोर बसवून वाचून दाखवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. भरतीच्या मैदानावर छाती मोजून घेतलेल्या आणि फौजेनेच निरोगी म्हणून शिक्का मारलेल्या पोराला, आजारी करून परत पाठवताना, त्याच्या हक्काचा कागद त्याला कळेल अशा भाषेत देणं हे सरकारचं देणं आहे. ते फेडलं तर माझ्यासारख्या कारकुनांकडे ट्रंक घेऊन यायची वेळ कुणावर येणार नाही, आणि तेच व्हायला हवं.